विजूताईंची गोरिलामोहीम

आमच्या जर्मनीतल्या वाल्डॉर्फच्या ऑफिसात मीटिंग सुरू झाली की विजूताई घशातून हलकेच घुरघुरतात. नवा माणूस दचकतो. मग आम्ही जुने लोक त्याला सांगतो की काही नाही, त्या फक्त 'मी तुमच्यातलीच आहे' असं म्हणतायत. रवांडाच्या डोंगरात गोरिला बघायला जाणाऱ्यांना हा आवाज शिकवतात. विजूताईंनी तो आधीच घरबसल्या पाठ केला होता.

विजूताई मूळच्या साताऱ्याच्या, वय अठ्ठावन्न, राहतात एकट्या. पुणे आणि सातारा जिल्हे जोडले की झाला रवांडा, असं त्या प्रत्येकाला ऐकवायच्या. गोरिलांपर्यंत पोचायला चिखलातून, खाजकुयलीसारख्या झाडांतून तासन्‌तास चढावं लागतं. म्हणून दोन वर्षं दर शनिवारी त्या पाठीवर दहा किलो कणीक घेऊन हायडलबर्गच्या डोंगराच्या दगडी पायऱ्या चढल्या. गुडघे सुजले, डॉक्टरांनी नको म्हटलं. "ठरलं म्हणजे ठरलं, गेनाऊ," एवढंच उत्तर, 'अगदी तसंच' म्हणणाऱ्या जर्मन शब्दासकट.

गेल्या जूनमध्ये त्या गेल्या. आठ दिवसांनी परत आल्या, तर फोटो एकही नाही.

झालं असं, की चढाईच्या सकाळी त्यांना शिंका सुरू झाल्या. माणसाची साधी सर्दी गोरिलांच्या जिवावर बेतू शकते, म्हणून आजारी माणसाला वर नेत नाहीत. वाटाड्याने विचारलं, कुणाला बरं नाही का? तोवर शिंका थांबल्या होत्या. विजूताईंनी हात वर केला. बाकीचे सात जण वर गेले.

"गोळी घेऊन गप्प बसला असतात, तर कुणाला कळलं असतं?" मी म्हणालो.

"अरे, त्या कळपात नुकतं जन्मलेलं पिल्लू होतं. तिथे गोरिलांचं बारसं करतात. त्याचं अजून व्हायचं होतं."

पुढच्या जूनची तारीख त्यांनी तिथूनच घेतली होती. मग दिवसभर केलं काय, असं मी विचारलं. त्यांची सॅक उचलायला ठरवलेली गावातली एक बाई त्यांच्याबरोबर खालीच थांबली होती. दोघी पायरीवर बसल्या.



"दोन तास मी तिच्याशी मराठीत बोलले रे. आईचं, घराचं, सगळं. तिला एक अक्षर कळलं नसेल. पण उठली नाही."