ओतारी गल्लीच्या हवेचा बदलीचा अर्ज

दिवाळीनंतर ऑफिस उघडलं त्या सोमवारी ओतारी गल्लीच्या हवेने आमच्या प्रदूषण मंडळाच्या प्रादेशिक कार्यालयात येऊन बदलीचा अर्ज दिला. अर्ज रीतसर होता. ती खिडकीतून न शिरता दारातून आली, आवक-जावकच्या टेबलाशी थांबली, आणि मुल्ला भाऊसाहेबांनी शिक्का मारून तिला पोच दिली.

मी इथे क्षेत्र अधिकारी आहे. हद्दीतली हवा ठरवून दिलेल्या मर्यादेत राहते की नाही हे बघायचं, आणि राहिली नाही तर मेमो काढायचा, हे माझं काम. ओतारी गल्लीच्या हवेला मी दर महिन्याला मेमो काढत आले. आता तुम्ही विचाराल, मेमो हवेला का? गल्लीच्या तोंडाशी वसगडे अण्णांची लोखंड ओतायची फाउंड्री आहे, तिची चिमणी दिवसभर काळं ओकते, मग त्यांना का नाही? अहो, अण्णांना आम्ही बोलावलं की त्यांचं पत्र यायचं. तब्येत बरी नाही, लग्नकार्य आहे, पुढची तारीख द्यावी. हवा मात्र बोलावली की हजर. आणि सरकारी कामात जो हजर असतो त्याच्यावरच कारवाई पूर्ण होते. सगळ्या ऑफिसांत हेच चालतं, आम्ही काही जगावेगळे नाही.

आमचे प्रादेशिक अधिकारी हणबर साहेब नियमाचे पक्के. त्यांनी अर्जावर सुनावणी लावली. हवा आली, समोरच्या खुर्चीवर बसली. ती बसली की टेबलावरचे कागद हलतात, म्हणून मुल्लांनी आधीच पेपरवेट ठेवून घेतले होते.

"बदली कुठं पाहिजे?" साहेबांनी विचारलं.

"कुठंबी द्या साहेब. डोंगरावर पठाराची जागा रिकामी हाय म्हणं."

"कारण?"

पंख्याची पाती हळू झाली.

"सोनाक्का," ती म्हणाली.

सोनाक्का म्हणजे फाउंड्रीसमोरच्या पत्र्याच्या घरात राहणारी म्हातारी. नवरा त्याच फाउंड्रीत साचे करायचा, तो गेला. मुलगा पिंपरीला असतो, फोन करतो. सोनाक्का एकटी राहते आणि खोकते. गल्लीत कुणाला तिचं घर विचारलं तर लोक म्हणतात, खोकल्याचा आवाज येईल तिकडं जावा.

"तिच्या छातीत मीच जाते साहेब," हवा म्हणाली. "गेले की ती खोकते. काल खोकता खोकता जमिनीवर बसली बिचारी. मग म्हटलं, न्हाईच जायाचं आत. तर डोळं पांढरं करायला लागली. गेले तरी पंचाईत, न्हाई गेले तरी पंचाईत. मला तिथनं हलवा. मला बघवत न्हाई."

खरं सांगते, मला लाज वाटली. इतके मेमो मी काढले, एकाही मेमोत या हवेला मी 'तुला काय होतंय' असं विचारलं नव्हतं. विचारायला रकानाच नसतो.

साहेबांनी चष्मा पुसला. "अर्ज शिफारशीसह वर पाठवतो. तुम्ही गेल्यावर मासळी बाजाराच्या हवेकडं अतिरिक्त कार्यभार द्यावा लागेल."

"ती?" मी न राहवून म्हटलं. "साहेब, गल्लीतले लोक घरं सोडून जातील."

"पर्यायी व्यवस्था दाखवावीच लागते, मॅडम. जागा रिकामी ठेवता येत नाही." मग हवेकडे वळून ते म्हणाले, "तोवर तुम्ही नो ड्यूज करून घ्या. तुमच्या ताब्यात दुसऱ्या कुणाचं जे काही असेल ते ज्याचं त्याला परत करायचं आणि पोच आणायची. त्याशिवाय कार्यमुक्त करता येणार नाही."

हे साहेब प्रत्येकालाच सांगतात. माणसं काय करतात, तर लायब्ररीचं एखादं पुस्तक आणि कपाटाची किल्ली जमा करतात आणि मोकळी होतात. ही पडली सरळ बाई. तिने ते मनावर घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुल्लांच्या स्कूटरचा वर्षभराचा धूर त्यांच्या दारात रचलेला होता. मुल्लांनी बिचाऱ्यांनी मुकाट्याने पोच दिली आणि त्याच दिवशी गाडी मिस्त्रीकडे टाकली. चौकातल्या भजीवाल्याला जळक्या तेलाचा वास परत मिळाला, त्याने "हा माझा न्हाई, पलीकडच्याचा" म्हणून बघितलं, पण वास ओळखीचा होता. आमच्या ऑफिसच्या जीपचा धूर तिने साहेबांच्या टेबलावर आणून ठेवला. साहेब त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिले, मग त्यांनी सही केली. नियम तो नियम.

"सोनाक्काचं काही आहे का ताब्यात?" मी विचारलं.

"तिच्या भाकरीचा वास हाय," ती हळूच म्हणाली. "त्यो ठेवला तर चालंल का?"

साहेब म्हणाले, तो भेट या सदरात धरता येईल.

राहिला वसगडे अण्णांचा माल. तो तिने शेवटी काढला. अण्णांनी बंगल्यात नुकताच पांढराशुभ्र सोफा घेतला होता. सकाळी अण्णा देवपूजा करून बाहेर आले तर सोफ्यावर, टीपॉयवर, टीव्हीसमोर, जिन्याच्या पायऱ्यांवर काजळीचे ढीग. नीट, वर्षवार लावलेले. एक कण इकडचा तिकडे नाही. आणि हवा दारात पोचेची वाट बघत उभी.

त्या दिवशी अण्णा आमच्या ऑफिसात आले. पहिल्यांदा! आम्ही त्यांना ओळखलंच नाही, मुल्लांनी त्यांना बाहेर बाकावर बसायला सांगितलं.

"हे काय चाललंय हणबर साहेब? माझ्या घरात उकिरडा केलाय तिनं!"

साहेबांनी शांतपणे विचारलं, "माल तुमचा आहे का?"

"माझा? माझा कसा असंल?"

"तुमचा नसेल तर तसं लिहून द्या. मग आम्ही पंचनामा करू, नमुने तपासायला पाठवू, खरा मालक शोधू. मालक सापडला की त्याच्यावर नियमाप्रमाणे जे व्हायचं ते होईल. आणि तुमचा असेल तर पोच द्या. तिचं काम अडलंय."

अण्णांनी माझ्याकडे बघितलं, मुल्लांकडे बघितलं. मग रुमालाने कपाळ पुसलं, तर रुमाल काळा झाला.

"द्या पेन," ते म्हणाले.

त्यांना वाटलं, मिटलं. पण फाउंड्री चालूच होती ना! संध्याकाळ झाली की हवा त्या दिवसाचा माल घेऊन बंगल्यावर जायची. "अण्णा, आजचं." अण्णांनी खिडक्या लावून बघितल्या. हवेला खिडक्या लावून काय होतंय? बाई मोठी अदबशीर, फटीतून येताना सुद्धा आधी दार वाजवायची. शेवटी वसगडे वहिनी माहेरी निघून गेल्या, आणि जाताना म्हणाल्या की एक तर चिमणी राहील नाही तर मी.

आता एक गोष्ट सांगायला हवी. अण्णांकडे धूळ पकडायचं यंत्र होतं. चांगलं, महागातलं. कागदोपत्री सगळं व्यवस्थित. फक्त त्याला वीज फार लागते, म्हणून ते आम्ही तपासणीला जायचो तेव्हाच चालू व्हायचं, आणि आमची जीप कोपऱ्यावरून वळली की बंद. मला हे माहीत होतं का? माहीत होतं. जीपच्या आरशात दिसायचं सगळं.

वहिनी गेल्या त्या आठवड्यात यंत्र चालू झालं ते परत बंद झालं नाही. चिमणीतून नुसती वाफेसारखी रेघ यायला लागली. हवेकडे संध्याकाळी परत द्यायला काही उरेना. आणि गल्लीत एक दिवस लोक थबकून उभे राहिले, कारण काहीतरी चुकल्यासारखं वाटत होतं आणि काय ते कळत नव्हतं. मग कुणाच्या तरी लक्षात आलं, सोनाक्काच्या घरातून आवाज येत नाही. घाबरून पोरं धावली. सोनाक्का दारात बसून वाटाणे सोलत होती. "काय झालं रं?" ती म्हणाली.

सगळं मार्गी लागलं, आणि नेमका तेव्हाच वरून बदलीचा आदेश आला. पठारावर, तात्काळ रुजू व्हावे.

निरोप समारंभ ठेवला. शाल आणली, नारळ आणला. हवा खुर्चीवर बसली होती, पण कागद हलत नव्हते.

"साहेब, आता मला जायाचं न्हाई," ती म्हणाली. "कारणच ऱ्हायलं न्हाई."

साहेबांचा चेहरा उतरला. या माणसाला मी इतक्या वर्षांत असं कधी बघितलं नव्हतं. "आदेश निघालाय हो. रद्द करायचा अधिकार मला आहे, पण ठराविक कारणांसाठीच. पती-पत्नी एकत्रीकरण, स्वतःचं गंभीर आजारपण, किंवा वृद्ध आईवडील अवलंबून असणं. यातलं तुम्हाला काय लागू होतं?"

"मला कोण असणार साहेब," हवा म्हणाली. "मी हवा."

मुल्लांनी शालीची घडी उलगडली आणि पुन्हा घातली.

तेवढ्यात दारात सोनाक्का. हातात पिशवी, पदर खोचलेला, आणि चेहरा असा की मुल्ला आपोआप उभे राहिले.

"मला न सांगता निघालीस व्हय गं?" ती त्या खुर्चीकडे बघून कडाडली. "गल्लीतल्या समद्यांस्नी ठावं, आणि मला न्हाई! जातीस तर जा, पर तोंडावर सांगून जायाची रीत न्हाई व्हय तुला?"

"आक्का, तसं नव्हं..."

"गप बस!"

साहेबांनी सोनाक्काला बसायला सांगितलं. ती बसली नाही. साहेबांनी नियम समजावला. सोनाक्काने तो पुरा ऐकून घेतला, आणि म्हणाली, "मग अडलंय कुठं?"

मुल्लांनी पेन उघडलं. "आजी, ही तुमची कोण लागते? नातं काय लिहू?"

"लेक लिही."

"पुरावा काही?"

सोनाक्काने पिशवी खाली ठेवली. पाठ सरळ केली, डोळे मिटले आणि छाती भरून श्वास घेतला. आम्ही सगळे खोकल्याची वाट बघत होतो. आला नाही. तिने तो श्वास जपून आत धरला, मग सावकाश सोडला.

"ह्यो पुरावा," ती म्हणाली. "पोटचा ल्योक महिन्यातनं एकदा फोन करतोय. ही दिसरात येती. आत येती, भाईर जाती, पुन्ना आत येती. हिच्याशिवाय माझं एक घटकाभर चालत न्हाई. आणि ही लेक न्हाई तर कोण हाय, तूच सांग."

मुल्लांनी साहेबांकडे बघितलं. साहेबांनी आदेश जवळ ओढला, त्यावर "नाते समक्ष पाहिले, खात्री झाली, बदली रद्द" असं लिहून सही केली आणि दोनदा तपासून पाहिली.

त्या वेळी माझ्या मागच्या हवा मोजायच्या यंत्रावर खोलीतला दमटपणा एकदम वाढलेला दिसला. मी तो नोंदीत घेतला नाही.

सोनाक्काने टेबलावरचा नारळ उचलला, कानाशी हलवून बघितला आणि पिशवीत टाकला. "चटणीला हुईल," ती म्हणाली. "चल गं, भात टाकायचाय." आणि दोघी जिना उतरून घरी गेल्या.