मुरलेल्या सर्दीवर वाफ

घड्याळजी बायकोशी अगदीच खोटं बोलले नव्हते. मूत्रविकाराच्या डॉक्टरांनी खरोखरच वाफ सांगितली होती. प्रोस्टेट वाढलं होतं. दुर्बीण आत सरकवून तिथे नऊ-नऊ सेकंद वाफ सोडायची, की ते हळूहळू आक्रसतं. चिरफाड नाही, संध्याकाळी घरी. पण ‘तिथे’ म्हणजे कुठे, हे चाळीस वर्षांच्या संसारानंतरही त्यांच्या तोंडून निघेना.

“वाफ घ्यायला सांगितलीय,” ते कपाकडे बघत म्हणाले.

“सर्दी तर दिसत नाही.”

“आत आहे. मुरलेली.”

झालं. त्या क्षणापासून घड्याळजी शालीखाली गेले. दोन्ही वेळा पातेल्यावर डोकं, छातीला बाम, गळ्याला मफलर. लेकीने फोनवरून गुळण्या वाढवल्या. डोळ्यांना अशी धार लागली, की दुकानात एका गिऱ्हाइकाच्या घड्याळात तासकाट्याच्या जागी मिनिटकाटा बसला.

तिसऱ्या दिवशी ते चाचरत म्हणाले, “उद्या दवाखान्यात मोठी वाफ आहे. एकटाच जाऊन येतो.”

“एवढ्या सर्दीत एकटं सोडू होय तुम्हाला?”

दवाखान्यात तिने पिशवीतून वाफेचं मशीन काढून टेबलावर ठेवलं. “सिस्टर, मशीन घरचं आणलंय. यांचं नाक नाजूक आहे हो, जरा जपून.”

सिस्टरने केसपेपर पाहिला, मशीन पाहिलं. “काकू, काकांच्या नाकाला काही झालेलं नाही,” असं म्हणून तिने काकूंना बाजूला नेलं. घड्याळजींनी मफलर डोळ्यांपर्यंत ओढला.

बायको परत येऊन शेजारी बसली. मग तिनेच मफलर खाली केला.

“रात्री पाच-पाच वेळा उठता, ते मला कळत नव्हतं का? म्हटलं, सांगतील कधीतरी.”

“लाज वाटली गं.”

“आणि तीन दिवस तोंड शेकून घेतलंत ते?”

“तू इतक्या मायेनं देत होतीस. नाही कसं म्हणायचं?”

ती हसली, पण त्यांना आत नेईपर्यंत तिने हात सोडला नाही.

वाफेनंतर घातलेली लघवीची नळी आठवड्याने निघाली. उठणं कमी कमी होत गेलं आणि दीड महिन्याने एके दिवशी घड्याळजींना थेट उन्हानेच जाग आली.

“अगं, सलग झोपलो! एकदासुद्धा उठलो नाही!”

बायको लाल डोळ्यांनी उशाशी बसली होती. “माहितीये. तुम्ही उठेनात म्हणून मीच पाच वेळा उठून बघितलं, श्वास चालू आहे ना ते.”