संगीत भिवराबाई आणि खराखुरा ट्रॅक्टर

नाटक कसं बसवावं हे कुणाला शिकायचं असेल, तर त्यानं माझ्याकडं यावं, असं मी गेल्या दसऱ्यापर्यंत लोकांना सांगत होतो. आता सांगत नाही. का सांगत नाही, ते ऐका.

आमचं गाव युसूफ वडगावपासून चार किलोमीटरवर. मी इथल्या शाळेत अकरा वर्षं मराठी शिकवतो. दसरा झाला की निम्मं गाव ऊसतोडीला जातं आणि माझे वर्ग निम्मे रिकामे होतात. ऊसतोडीत नवरा-बायकोच्या जोडीला एक कोयता म्हणतात. काम दोघं करतात, पण पूर्वी मुकादमाच्या वहीत नाव फक्त नवऱ्याचं असायचं. ते मोडून काढलं आमच्या गावच्या भिवराबाईंनी. स्वतः ऊसतोड कामगार. तीस वर्षांपूर्वी भरलेल्या ट्रॅक्टरपुढं आडव्या पडल्या आणि म्हणाल्या, "वहीत बायांची नावं लिव्हा, न्हाई तर घाला अंगावरून." नावं लिहिली गेली. पुढं मोर्चे झाले, दोन वेळा अटक झाली, पाच-सहा तालुक्यांत संघटना उभी राहिली. आता बाई अडुसष्ट वर्षांच्या आहेत आणि गुडघ्यांनी हैराण आहेत.

अशा बाईवर कुणी नाटक लिहिलं नाही, म्हणून मी लिहिलं. साधं नाही, संगीत. तीन अंक, सतरा गाणी. संगीताला गावचं भजनी मंडळ आणि पेटीवर सुंदरराव. या मंडळाची एकच पद्धत: सुरुवात संथ आणि शेवट पळत. मोर्चाचं गाणं असो नाही तर तुरुंगातलं, शेवटच्या कडव्याला सगळे घामाघूम.

तालमीला भिवराबाई एकदा येऊन बसल्या. तुरुंगातलं गाणं संपल्यावर म्हणाल्या, "मास्तर, तितं ढेकूण लई होते. गाणं कुणाला सुचतंय?"

"बाई, ते प्रतीकात्मक आहे," मी म्हणालो.

"आसंल. पर ढेकूण बी घाला की."

तरुण भिवराबाईचं काम शिवकन्याकडं होतं. दहावीतली पोरगी. आवाज खणखणीत, गणितात माझ्यापेक्षा हुशार. तिचे वडील शहादेव (ती त्यांना दादा म्हणते) आणि आई मुक्ताबाई दरवर्षी तोडीला जातात. आतापर्यंत आजीजवळ राहून ती शिकली. आजी श्रावणात गेली. यंदा शहादेवनं सांगून टाकलं होतं, पोरगी आमच्याबरोबर येणार. म्हणजे दहावी संपली.

"सर," ती मला तालमीत म्हणाली, "दादानं नाटक बघितलं तर त्यास्नी वाटंल का हो, की पोरीला ठिवावं?"

"वाटेल म्हणजे काय, वाटलंच पाहिजे," मी म्हणालो. मी शहादेवला दोनदा आमंत्रण दिलं. तो म्हणाला, "सर, आमी बोचकी बांधून बसलोय. मुकादमाचं बोलावणं कधी बी येतंय. नाटक कुठलं बघता." पोरगी नाटकात काम करते, हे तिनं घरी सांगितलंच नव्हतं. शाळेत जादा तास आहेत म्हणून सांगितलं होतं. जादा तास माझेच होते, त्यामुळं मी काही बोललो नाही.

आता ट्रॅक्टर. पोरांनी पुठ्ठ्याचा केला होता. भिवराबाईंनी तो बघितला आणि पदर तोंडाला लावून हसल्या. "ह्याच्यापुढं माणूस झोपलं तर ट्रॅक्टरच भिऊन पळंल."

हे मला लागलं. मी ठरवलं, खराखुरा ट्रॅक्टर आणायचा. ट्रॉलीसकट. गावातला मोठा मुकादम बंकट. त्याच्याकडं गेलो. तो म्हणाला, "देतो की. पर नाटकातला मुकादम मीच व्हनार."

"अहो, तो खलनायक आहे."

"त्येच तर. बाहेरचा माणूस आमाला लई वंगाळ दाखवंल."

मी कबूल झालो. बंकटनं तालमीत आपलं काम हळूहळू सुधारत नेलं. आधी तो भिवराबाईवर ओरडायचा. मग तिला बाई म्हणायला लागला. शेवटच्या तालमीला त्यानं तिला पाणी विचारलं. मी म्हणालो, "बंकटराव, हिनं मग तुमच्या ट्रॅक्टरपुढं झोपायचं तरी कशाला?" तो म्हणाला, "ते तुमी बघा. लेखक तुमी हायती."

दसऱ्यानंतर तिसऱ्या दिवशी संध्याकाळी पाच वाजता शाळेच्या मैदानात नाटक सुरू झालं. गर्दी दाबून. पहिल्या रांगेत हार घातलेल्या भिवराबाई, तिसऱ्या रांगेत माझी बायको मनिषा. पहिला अंक असा रंगला की मी पडद्याआड स्वतःलाच शाबासकी दिली.

दुसऱ्या अंकात ट्रॅक्टर आला. बंकट ऐटीत चालवत आला आणि मी लिहिल्याप्रमाणं त्यानं तीन वेळा लांब हॉर्न वाजवला. शिवकन्या नऊवारीत पुढं धावली आणि चाकासमोर आडवी झाली. सुंदररावांनी पेटीवर सूर धरला.

आमच्या गावात ऊसतोडीची टोळी निघायची वेळ झाली की मुकादमाचा ट्रॅक्टर शाळेच्या मैदानात उभा राहतो आणि तीन वेळा लांब हॉर्न देतो. तीन हॉर्न ऐकले की टोळीनं यायचं आणि बसायचं. फोन लागो न लागो, हॉर्न चुकत नाही. आता हे मला माहीत नव्हतं असं नाही. अकरा वर्षं दर दसऱ्याला मी ते ऐकत होतो. ऐकलेलं होतं म्हणून तर नाटकात लिहिलं!

नाटकाला न आलेली अख्खी वस्ती निघाली. बारा कोयते. डोक्यावर बोचकी, हातात बादल्या, तवे, पत्र्याच्या पेट्या, दोऱ्या लावलेल्या चार शेळ्या. गर्दीतून वाट काढत सगळे ट्रॉलीकडं आले आणि चढायला लागले. प्रेक्षकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. माझ्या मागं कुणीतरी म्हणालं, "मास्तरानं खर्च लई केलाय बे." एका म्हातारीनं कोंबड्यांची डालगी सुंदररावांच्या मांडीवर ठेवली, "जरा धर बाबा," म्हणून. सुंदरराव एका हातानं वाजवत राहिले.

बंकट सीटवर उभा राहिला. "आरं उतरा! उद्या जायचंय!"

"हॉर्न दिलास की," खालून कुणीतरी म्हणालं. बंकट हॉर्नकडं बघत परत सीटवर बसला.

एवढ्यात शहादेव आला. खांद्यावर पत्र्याची पेटी, मागं मुक्ताबाई. समोर बघतो तर आपली पोरगी नऊवारी नेसून चाकापुढं मातीत पडलेली. पेटी खाली ठेवून तो म्हणाला, "शिवकन्ये, धुरळ्यात कशापायी पडलीस? ऊठ. बस ट्रॉलीत."

इथं माझ्या संहितेत गाणं होतं. अकरावं. मी पडद्याआडून पहिली ओळ सांगितली. तिनं माझ्याकडं बघितलंही नाही.

"मी न्हाई येत, दादा," ती पडल्यापडल्याच म्हणाली. "माझी दहावी हाय."

सुंदररावांनी पेटी थांबवली. आता लोकांना कळलं होतं की हे लिहिलेलं नाही.

शहादेव चिडला नाही. चिडला असता तर मला बरं वाटलं असतं. तो खाली बसला आणि हळू आवाजात म्हणाला, "मला काय हौस हाय का, पोरी? आजी हुती तवर ठिवलं का न्हाई तुला? आता सहा महिने एकटी पोरगी गावात कुणाच्या भरवशावर ठिवू, सांग."

नाटकात मी सगळ्या प्रश्नांची उत्तरं लिहिली होती, हाच प्रश्न लिहिला नव्हता.

तेवढ्यात पहिल्या रांगेतून भिवराबाई उठल्या. गळ्यातला हार काढून खुर्चीवर ठेवला आणि गुडघे धरत धरत ट्रॅक्टरपाशी गेल्या. शिवकन्याला म्हणाल्या, "सरक जरा." आणि तिच्या शेजारी आडव्या झाल्या.

"आवो बाई, तुमी उठा," बंकट हात जोडून म्हणाला. यावेळी तो काम करत नव्हता.

"मला उठवायला दोन मानसं लागतेत," भिवराबाई आभाळाकडं बघत म्हणाल्या. "तवा लवकर ठरवा. पाठ भरून यायली."

"ठरवू काय, बाई?" शहादेव म्हणाला. "भरवसा पाहिजे. कुणाचा?"

"हे मास्तर हायती की. एवढं नाटक लिव्हलंय बायांवर."

सगळं मैदान माझ्याकडं वळलं. टोळी, प्रेक्षक, भजनी मंडळ, शेळ्यासुद्धा. मी पडद्याबाहेर आलो आणि छाती पुढं काढून म्हणालो, "शिवकन्या माझ्या घरी राहील. परीक्षा होईस्तोवर."

अहाहा, काय टाळ्या! सतरा गाण्यांना मिळून पडल्या नसतील एवढ्या. मी वाकून नमस्कार केला. शहादेवनं मान हलवली आणि पोरीच्या डोक्यावर हात ठेवला. मुक्ताबाईनं बोचक्याच्या तळातून शिवकन्याचं दप्तर काढून तिच्या हातात दिलं. ते वेगळ्या फडक्यात बांधलेलं होतं. म्हणजे आईनं आधीच काहीतरी धरलं होतं मनात. माझे डोळे भरून आले, हे कबूल करतो.

भिवराबाईंना दोघांनी उठवलं. बंकटनं घड्याळ बघितलं, भरलेली ट्रॉली बघितली आणि म्हणाला, "आता बसलेच हायती तर जातोच." आणि गेला. त्याच्याबरोबर माझा खलनायक गेला, समूहगानातल्या तीन बाया गेल्या आणि सुंदररावांच्या मांडीवरच्या कोंबड्या गेल्या. तिसरा अंक झालाच नाही. भिवराबाई म्हणाल्या, "बरं झालं मास्तर, लई लांबलं असतं."

हे सगळं होईपर्यंत मी तिसऱ्या रांगेकडं बघितलं नव्हतं. आता बघितलं. मनिषा टाळ्या वाजवत नव्हती.

घरी गेल्यावर तिनं आधी शिवकन्याला पाणी दिलं, जेवायला वाढलं, आतल्या खोलीत अंथरूण घालून दिलं. मग माझ्याकडं वळली.

"मला विचारलंत?"

"तू समोरच तर बसली होतीस," मी म्हणालो.

"हो. वहीत बायकोचं नाव नसतं म्हणून दीड तास गाणी ऐकत बसले होते. आणि तुम्ही माझ्या घरचा निर्णय माझ्यासमोर एकट्यानं घेऊन नमस्कार केलात."

मी सतरा गाणी लिहिलेला माणूस. हातातली संहिता मी कपाटात ठेवून दिली.

"पोरगी राहणार," मनिषा म्हणाली. "तुम्ही विचारलं असतंत तरी मी हेच म्हणाले असते. पण ती इथं अभ्यासाला आलीय, चुलीपुढं बसायला नाही. आणि मी दिवसभर अंगणवाडी करून येते. तेव्हा रात्रीच्या भाकरी तुमच्याकडं."

"मला भाकरी येत नाही."

"नाटकही कुठं येत होतं?"

तेव्हापासून रोज संध्याकाळी मी परातीपुढं बसतो. माझ्या पहिल्या भाकरी मनिषानं आमटीत कुस्करल्या आणि शिवकन्यानं त्या पाण्याबरोबर गिळल्या. अडीच महिने असेच गेले. गेल्या मंगळवारी मात्र तव्यावरची एक भाकरी चक्क फुगली, टम्म, चारी बाजूंनी. मी हरखून ओरडलो, "शिवकन्या, लवकर ये, बघ!"

आतून आवाज आला, "आले सर, येवढं गणित होऊ द्या."

गणित मोठं होतं. ते सुटेपर्यंत भाकरी बसली.