थांबवायचं बटण

घड्याळजीने पन्नाशीत विमान चालवणं शिकायला घेतलं आणि बाहेरची निम्मी खोली कामातून गेली. टेबलावर संगणकाचा मोठा पडदा, पुढ्यात सुकाणू, पायाखाली दोन पेडल. दुकान बंद केलं की तो तिथे बसून पडद्यावरचं खोटं विमान उतरवायचा. धावपट्टी वाकडी दिसू लागली की कीबोर्डवरचं थांबवायचं बटण दाबायचा, चहाचे दोन घोट घ्यायचा, नीट विचार करायचा आणि मगच पुढे सरकायचा. जन्मभर बंद घड्याळं उघडून बसलेला माणूस, त्याला घाई कशी ती माहीतच नव्हती.

खऱ्या विमानात जमीन अगदी जवळ आली, तेव्हा त्याने सुकाणू सोडलं आणि बोटाने स्वतःची मांडी दाबली. शेजारच्या तरुण प्रशिक्षकाने विमान कसंबसं वर उचललं.

"काका, काय करत होतात?"

"थांबवत होतो. घरी बटण दाबलं की थांबतं."

प्रशिक्षकाने त्याच्या घरी फोन लावला. "काकू, ते बटण आजच उपटा. नाहीतर काका आकाशातच राहायचे."

नवऱ्याने हा नाद सोडावा असं बायकोला फार वाटे. पण तो सोडणार नव्हता, आणि तिला तर तो जिवंत हवा होता. तिने त्याच्याच चिमट्याने बटण उपटलं आणि पदराच्या गाठीत बांधलं.

त्या दिवसापासून घरात मरण सुरू झालं. "मेलो!" अशी आरोळी ऐकून खालच्या मजल्यावरच्या आजी पहिल्या दिवशी रडत वर आल्या, दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना घेऊन आल्या. आठवड्याभरात त्या जिन्यातूनच विचारू लागल्या, "आज कितीदा गं?"

"अकरा," बायको भाजी चिरता चिरता सांगे. प्रत्येक आरोळीला तिचा हात थांबे, हे कोणी पाहिलं नाही.

एकशे सत्तेचाळीस वेळा मेल्यावर एका संध्याकाळी तो मेला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. महिन्याभराने प्रशिक्षक म्हणाला, "काका, आज एकटे जा."

बायको धावपट्टीच्या कुंपणाशी उभी राहिली. विमान तिरकं खाली आलं, आपटलं, दोनदा उसळलं आणि धावत धावत थांबलं. घड्याळजी उतरून तिच्याकडे आला.

"पाहिलंस?"

"नाही."

"अगं, मग इथे उभी राहून केलंस काय?"

तिने मूठ उघडली. आत ते बटण होतं आणि अंगठ्यावर त्याचा चौकोनी वळ उठला होता.

"दाबून धरलं होतं."

"मग? थांबलं का काही?"

"नाही ना! म्हणून तर डोळे मिटले."

तो हसला, त्याने बटणासाठी हात पुढे केला. तिने मूठ पुन्हा आवळली.

"राहू द्या माझ्याकडे. उद्याही जाणारच ना तुम्ही?"