होणाऱ्या जावयाचं नियमपुस्तक

"तो नियमपुस्तकं लिहितो," असं लेकीने जेवताना सांगितलं, तेव्हा अधीक्षकांच्या हातातला घास हातातच राहिला.

गेला महिनाभर घरात या मुलाचा विषय निघाला की ते वर्तमानपत्र तोंडासमोर धरत. मुलगा दिसायला कसा, घरचे कोण, यातलं एक अक्षर त्यांनी विचारलं नव्हतं. 'मला न विचारता ठरवलंत, आता मला न विचारता पारही पाडा,' हे एकच वाक्य ते धरून बसले होते. पण नियमपुस्तकं! अधीक्षक शहराच्या पाणीपुरवठा खात्यात नियम शाखा सांभाळत. एकतीस वर्षं त्यांनी दुसरं काही केलं नव्हतं. खात्यात त्यांना पाठीमागे 'पोटकलम' म्हणत. ते त्यांना माहीत होतं आणि मनातून आवडतही होतं.

"कसली नियमपुस्तकं?" त्यांनी विचारलं.

"नवशिक्यांसाठी," लेक म्हणाली. "ज्यांना काहीच माहीत नाही त्यांनाही कळतील अशी. सोप्या भाषेत."

"छापलेली?"

"छापलेली. दुसरी आवृत्ती निघतेय."

अधीक्षक बायकोकडे वळले. "हे मला आधी का नाही सांगितलं?"

"पेपर खाली घेतलात कुठे तुम्ही?"

"कुठल्या खात्यासाठी लिहितो?"

लेकीने तोंड उघडलं. टेबलाखाली आईने तिच्या पायावर पाय ठेवला. "बऱ्याच लोकांसाठी," लेक म्हणाली आणि पाणी प्यायली.

आता हे सगळं इथेच थांबलं असतं तर काही बिघडलं नसतं. पण अधीक्षकांचं एक दुखणं होतं. तीन महिन्यांपूर्वी खात्यात नव्या संचालकबाई आल्या होत्या. नव्याने भरती झालेल्या मीटर तपासनिसांच्या हातात देता येईल अशी छोटी, सुटसुटीत नियमपुस्तिका त्यांना हवी होती. जुनी होती दोनशे चौदा पानांची. अधीक्षकांनी ती तीनदा आटोपशीर करायला घेतली. तिसऱ्यांदा ती दोनशे साठ पानांवर गेली, तेव्हा बाईंनी ती दोन्ही हातांनी परत केली होती.

म्हणून दुसऱ्या दिवशी अधीक्षक जवळजवळ पळतच त्यांच्या केबिनमध्ये शिरले. "मॅडम, माणूस मिळाला! नवशिक्यांसाठी नियमपुस्तकं लिहिण्यात त्याचा हातखंडा आहे. घरचाच आहे म्हणा ना."

"उत्तम," बाई म्हणाल्या. "उद्या अकराला बोलवा. पुस्तक आणा. मी सगळ्या शाखाप्रमुखांना बसवते."

अधीक्षकांनी तिथल्या तिथे लेकीला फोन लावला. "उद्या अकराला त्याला ऑफिसात पाठव. आणि पुस्तक आज संध्याकाळी घरी आण."

"बाबा, पण आधी तुम्ही पुस्तक तरी..."

"अकरा म्हणजे अकरा," अधीक्षक म्हणाले आणि फोन ठेवला.

संध्याकाळी हातपाय धुऊन, चष्मा लावून, तांबडी पेन्सिल टोकदार करून ते टेबलाशी बसले. लेकीने पुस्तक पुढ्यात ठेवलं आणि ती आतल्या खोलीत गेली. मुखपृष्ठावर पंख पसरलेला एक हिरवा राक्षसी ड्रॅगन तोंडातून आग ओकत होता.

"कव्हर दुसऱ्याच पुस्तकाचं लागलंय," अधीक्षक स्वतःशी म्हणाले. बाइंडिंगवाल्यांकडून असं होतं. त्यांनी पहिलं पान उलटलं.

'घाबरू नका. तुमचं पहिलं पात्र बहुतेक मरेल. मेलात तर नवा कागद घ्या.'

अधीक्षकांनी हे तीनदा वाचलं. मग पुढचं वाचलं. पुढे वंश निवडायचा होता: माणूस, बुटका की यक्ष. त्यानंतर व्यवसाय निवडायचा होता.

"चोर?" अधीक्षक ओरडले.

"कुठेय?" स्वयंपाकघरातून बायको लाटणं घेऊनच धावत आली.

"पान सातवर!"

बायकोने लाटणं खाली केलं. अधीक्षक बोट ठेवून वाचू लागले. "'दार बंद असेल तर फोडा. आत खजिना मिळाला तर आपसात वाटून घ्या.' अगं, पंचनामा नाही, नोंद नाही, साक्षीदार नाही! आणि हे बघ, 'जखम झाली तर आठ तास झोपा, सकाळी बरे व्हाल.'"

"हे मात्र खरं आहे," बायको म्हणाली. "तुम्ही झोपत नाही म्हणून तर पित्त वाढतं."

सतराव्या पानावर एका चौकटीत ठळक अक्षरांत लिहिलं होतं: 'यातला एखादा नियम पटला नाही, तर खुशाल सोडून द्या. मजा आली पाहिजे.' ते वाचून अधीक्षकांना एकदम खाली बसावंसं वाटलं. बसलेले तर ते होतेच. म्हणून ते उठले आणि पुन्हा बसले.

"चिऊ!"

लेक दारात येऊन उभी राहिली.

"हा... हा खेळ आहे?"

"हो. चारपाच जण टेबलाभोवती बसतात. एक जण सूत्रधार. तो गोष्ट सांगतो, बाकीचे गोष्टीतली माणसं होतात. कोण जिंकतं, कोण पडतं, ते फासा टाकून ठरतं."

"आणि तू मला सांगितलंस नियमपुस्तक!"

"नियमपुस्तकच आहे, बाबा. वर लिहिलंय."

वर लिहिलं होतं. लिहिलेल्याला नाही म्हणण्याची अधीक्षकांना सवय नव्हती. त्यांनी पुस्तक बंद केलं आणि कपाटाच्या सगळ्यात वरच्या फळीवर टाकलं.

सकाळपर्यंत त्यांचा बेत तयार झाला. मुलाला ताप आला म्हणून सांगायचं. पुस्तक घरी राहिलं म्हणून सांगायचं. आणि साडेदहापासून फाटकावर उभं राहून मुलाला परस्पर वाटेला लावायचं. एकतीस वर्षांत ते ऑफिसात कधी खोटं बोलले नव्हते, त्यामुळे दहा वाजता बाईंच्या केबिनमध्ये शिरतानाच त्यांचे कान लाल झाले होते.

"मॅडम, त्याला काल एकाएकी ताप भरला. चांगलाच."

"अरेरे," बाई म्हणाल्या.

इतक्यात टंकलेखिका आत आली. "सर, तुमचे जावई आलेत. तासभर आधीच आलेत बिचारे. बाहेर बसवलंय."

बाईंनी अधीक्षकांकडे पाहिलं. "बरा झालेला दिसतोय."

"आठ तास झोपला असेल," अधीक्षकांच्या तोंडून निघून गेलं.

"बरं, पुस्तक?"

"ते मात्र घरी राहिलं, मॅडम. विसरलोच." घाम पुसायला म्हणून त्यांनी बॅगेतून रुमाल ओढला. रुमालाबरोबर डबा बाहेर आला आणि डब्याखालून हिरवा ड्रॅगन. 'महत्त्वाची वस्तू फळीवर विसरून चालले होते,' असं वाटून बायकोने पुस्तक न विसरता बॅगेत घातलं होतं.

बाईंनी ते उचललं. अकराची वाट न बघता त्यांनी शाखाप्रमुखांना बोलावून घेतलं: भांडारपाल, लेखापाल आणि पाइपलाइनचे अभियंता. शेवटी जावई आत आला. किडकिडीत मुलगा, अंगात उसना वाटावा असा कोट, हातात खुळखुळणारी पिशवी. त्याने अधीक्षकांना वाकून नमस्कार केला आणि उत्साहाने विचारलं, "काका, किती जण खेळणार आहेत?"

"खेळणार?" लेखापाल म्हणाले.

बाई पानं उलटत होत्या. एक, दोन, पाच, सात. अधीक्षक खिडकीकडे बघत उभे होते. निवृत्तीला अकरा महिने उरले होते. ते इथे काढायचे की लांबच्या एखाद्या पंपिंग स्टेशनवर, एवढाच आता प्रश्न होता.

"मला कळतंय," बाई एकदम म्हणाल्या.

"मॅडम, मी सगळं समजावून..."

"नाही, मला हे पुस्तक कळतंय. सात पानं झाली आणि मी अजून जागी आहे." त्यांनी चष्म्यावरून जावयाकडे पाहिलं. "दाखवा कसं खेळतात ते."

जावयाने पिशवी उपडी केली, वीस बाजूंचे फासे टेबलावर घरंगळले. बाई जादूगार झाल्या. अभियंता योद्धा झाले. भांडारपालांनी चोर इतक्या आवडीने निवडला, की लेखापाल त्यांच्याकडे जरा निरखून बघायला लागले. दहा मिनिटांत सगळे एका अंधाऱ्या किल्ल्यात शिरले होते. पंधराव्या मिनिटाला बाईंनी फाइलींचा ढीग बाजूला सारून, उभं राहून फासा टाकला.

"आता तुम्ही दारापाशी पोचलात," जावई म्हणाला. "दारात राखणदार उभा आहे. पान त्रेसष्ट. कुणी वाचता का?"

खेळ बघत उभ्या राहिलेल्या टंकलेखिकेने पुस्तक घेऊन खणखणीत आवाजात वाचलं. "'राखणदार. हा कुणाला मारत नाही. कागद मागतो. कागद दिला तर दुसरी प्रत मागतो. नाही म्हणण्याआधी चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाने पुसतो, आधी डावी काच, मग उजवी.'"

ती थांबली. एकेक करून सगळ्यांच्या माना वळल्या. अधीक्षक कोपऱ्यात उभे राहून चष्मा पुसत होते. डावी काच झाली होती, उजवी चालू होती.

भांडारपालांना खोकला आला. तो बराच वेळ थांबेना.

"जरा बाहेर या," अधीक्षक जावयाला म्हणाले. त्यांनी जाता जाता टंकलेखिकेच्या हातातून पुस्तक घेतलं.

व्हरांड्यात आल्यावर त्यांनी विचारलं, "तुम्ही मला याआधी कधी पाहिलं होतं?"

"नाही काका. आज पहिल्यांदाच."

"मग हे काय आहे?"

जावयाने खाली पाहिलं. "मी फक्त गोष्टी लिहितो. नियम आणि राक्षस... ते सगळे तिने लिहिलेत."

"कुणी?"

"चिऊने."

अधीक्षकांनी मुखपृष्ठ पुन्हा उलटसुलट करून पाहिलं. "यावर तिचं नाव नाही."

"ती म्हणाली, नाव घातलं तर बाबा वाचतील."

"पण काल तर तिनेच आणून दिलं!"

"हो. आणि काल संध्याकाळी मला चारदा फोन केला. बाबा त्रेसष्टाव्या पानावर पोचले असतील का, एवढंच विचारत होती."

"मी सतराव्यावर मिटलं," अधीक्षक पुटपुटले. त्यांनी चष्मा लावला आणि उभ्या उभ्या पुढे वाचायला सुरुवात केली.

'याच्यावर तलवार चालत नाही, जादू चालत नाही. लाच देऊ केलीत तर तुमचा खेळ तिथेच संपला. पण शेजारी बसून त्याचा एक नियम शेवटपर्यंत ऐकून घेतलात, तर तो आपण होऊन दार उघडतो. पुढची वाट अंधाराची असेल, तर न सांगता कंदील घेऊन मागे येतो. बळ: शंभर.'

अधीक्षकांनी पानं मागे उलटली. ड्रॅगन सापडला. बळ: नव्वद.

"छपाईची चूक आहे का ही?" त्यांनी विचारलं.

"मलाही तसंच वाटलं होतं," जावई म्हणाला. "मी दुरुस्त करायला घेतलं, तर ती माझ्यावर केवढी ओरडली! म्हणाली, आकडा बरोबर आहे. हात लावू नकोस."

अधीक्षकांनी त्या आकड्यावरून एकदा बोट फिरवलं. आतून भांडारपालांची हाक आली. "अहो, आम्ही दारातच ताटकळलोय! तो राखणदार आत सोडतोय की नाही?"

अधीक्षकांनी पुस्तक काखेत धरलं आणि केबिनमध्ये पाऊल टाकलं. त्यांनी दार मागे लावून घेतलं, दाराला पाठ टेकली आणि संचालकबाईंसकट सगळ्यांवरून एक नजर फिरवली.

"आधी कागद दाखवा," ते म्हणाले. "दोन प्रतींत."