चार ठिकाणी बोलणी

"आज नोकरी घेऊनच येते!" जज्जिणीने चपला चढवता चढवता जाहीर केलं.

"मागच्या खेपेला सर्दी घेऊन आली होतीस," आई मटार सोलता सोलता म्हणाली.

कायद्याची पदवी मिळाली त्या दिवशी घरच्यांनी तिचं नाव जज्जीण ठेवलं. पुढे एका वकिलाकडे वर्षभर उमेदवारी केली, तीही सुटली. आज जमलं नाही तर उद्यापासून मामाच्या सिमेंटच्या दुकानात बसायचं ठरलं होतं.

लिफ्ट बंद! जिने चढून वकीलबाईंच्या ऑफिसात पोचेपर्यंत तिचा चेहरा पिळलेल्या फडक्यासारखा झाला. तो बघून दारावरच्या मुलीने काही न विचारता तिला आत पाठवलं.

वकीलबाईंनी मान वर न करता टिशूचा डबा पुढे सरकवला.

"बस. रडू आलं तर रड. सगळ्याच रडतात."

बाप रे! मुलाखत इतकी अवघड?

"का सोडलंस?"

जुन्या वकिलाबद्दल विचारताहेत, हे जज्जिणीने ताडलं आणि साचलेला शीण भडाभडा बाहेर पडला. "वर्षभर राबले हो! चहा मी करायचा, बॅग मी उचलायची. कौतुकाचा एक शब्द नाही. एकदा तर फाइल फेकून मारली!"

"लागली?"

"नेम चुकला."

"कुणी पाहिलं?"

"शिपायाने."

"शिपाई? बडं घर दिसतंय," वकीलबाई पुटपुटल्या. "परत जाशील?"

"मेले तरी नाही!"

"खरं सांग, दुसरीकडे कुठे जमतंय का?"

"चार ठिकाणी बोलणी चालू आहेत."

वकीलबाईंचा चष्मा नाकाच्या शेंड्यावर आला. "एकदम चार?"

"काय करणार! एक जण म्हणतो, तीन महिने येत जा, पटलीस तर ठेवतो."

"नालायक!" वकीलबाई ताडकन उठल्या. "त्यालाही कोर्टात खेचते!"

जज्जिणीचे डोळे भरून आले. नोकरी शोधणाऱ्याची इतकी कणव असलेलं माणूस तिला पहिल्यांदाच भेटत होतं.

"मग उद्यापासून येऊ?"

"कुठे?"

"इथे. कामाला."

तेवढ्यात दारावरच्या मुलीने डोकं आत घातलं. "मॅडम, घटस्फोटवाल्या बाई आत्ता आल्यात. मग या कोण?"

वकीलबाई इतक्या हसल्या की टिशू त्यांनाच लागला.

"जागा नाही गं पोरी," डोळे पुसत त्या म्हणाल्या. "कालच भरली."

बाहेर बाकावर बसून जज्जीण टाचा चोळू लागली. शेजारच्या बाईने भीतभीत विचारलं, "आतल्या वकीलबाई रागीट आहेत का हो?"

"छे, फार मायाळू!" जज्जिणीने सुस्कारा सोडला. "फक्त आपलं लग्न झालेलं असायला हवं."