मोतिया पांढऱ्या गाडीची आणि आक्कासाहेबांच्या डोळ्याची हकीकत

डोळे ज्याने दिधले त्यास साष्टांग नमन, आणि डोळे असोन जे पाहात नाहीत त्यांस दुरूनच रामराम. शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सर, श्रावण मास. संवत्सराचे नांव क्रोधी आणि लिहिणाराचे डोकेही तापलेलेच, तेव्हा भाषेत कोठे तिखट पडले तर वाचणाराने पाणी प्यावे आणि पुढे वाचावे.

सह्याद्रीचे पायथ्यास एक राज्य होते. विस्तार म्हणाल तर वर तीन खोल्या, खाली तीन खोल्या, पुढे तुळस, मागे धुण्याचा दगड आणि बाजूस पत्र्याची शेड. गादीवर भगवंतराव सरकार, पाटबंधारे खात्यातून निवृत्त जाहलेले, पट्टराणी शकुंतलाबाईसाहेब, युवराज ऋतुराज, जे मोबाइलातून मान वर काढीत ते फक्त जेवावयास, आणि बाईसाहेबांचे बंधू मधुकरराव, ज्यांस राज्यात पद काही नाही परंतु प्रत्येक मसलतीत पाट मात्र पहिला. लिहिणार तो सरकारांचा चुलतभाऊ, खालचे खोलीत राहणारा, ज्याचे मत दरबारी कोणी पुसत नाही. आणि राज्याचे वरते अंगास, घाटमाथ्यावर, वाडीत सरकारांच्या वडील भगिनी द्रौपदाआक्कासाहेब एकट्या राहात. त्यांनी भगवंतरावांस लहानपणी पाठुंगळी घेऊन ओढा ओलांडवावा आणि शाळेस पोचवावे, ऐसे कैक वर्षे केले होते. वाडीची वाट म्हणजे वाट कसली, दोहों बाजूंस करवंदीच्या जाळ्या, मध्ये ओढा, आणि ओढ्यात म्हशीएवढे धोंडे.

त्या श्रावणात नेत्रशिबिराचे डॉक्टरांनी आक्कासाहेबांचे डोळे तपासोन सांगितले की, उजवे डोळ्यात मोतीबिंदू पिकोन आला आहे, दसऱ्याआधी काढून घ्या, आत फुगला तर डोळा हातचा जाईल. डावाही अंधुकच, तेव्हा आक्कासाहेबांस तांबडे पांढरे काही कळत नव्हते, माणूस आवाजावरून ओळखीत होत्या. मग सरकार आपली लहान गाडी घेऊन त्यांस आणावयास निघाले, आणि गाडी ओढ्यातील धोंड्यावर बसली, आणि तिचे पोट फुटोन तेल सांडले, आणि सरकार चिखल तुडवीत पायी परत आले. तेव्हा वाडीचा दगडू भोईर, जो रोज सकाळी आपल्या जुन्या जीपमध्ये दुधाच्या किटल्या घालोन खाली उतरतो, तो दारी येऊन म्हणाला, "सरकार, मी रोज उतरतोच की. आक्काला पुढं बसवून आणतो, त्यात काय!" त्यावर मधुकरराव बोलिले, "दुधाच्या किटल्यांबरोबर? लोक काय म्हणतील?" आणि सरकारांस ते पटले, आणि छाती पुढे काढोन म्हणाले, "आक्काला माझ्याच गाडीतनं आणीन, मानानं आणीन. आता घाट चढणारी मोठी गाडीच घेऊ." दरबाराने वाहवा केली. आम्हीही केली, खोटे कशास बोलावे, हेतू सोन्यासारखा होता.

मग सारी स्वारी शोरूमास गेली. तेथे दोन गाड्या उभ्या. एक हलकी, किमतीस बरी, आत सतरा दिवे आणि पडदा केवढा तर भिंतीवरच्या टीव्हीएवढा. दुसरी जड, आत साधी, परंतु चारी चाकांस ओढ, पोट जमिनीपासून उंच, आणि खालची लोखंडी चौकट बैलगाडीच्या साटीसारखी एकसंध. मधुकररावांनी प्रथम विचारिले, "अ‍ॅव्हरेज किती देते?" आणि उत्तर ऐकोन तोंड वाकडे केले, आणि मग दोहोंच्या पत्र्यावर बोटांनी ठोकून पाहिले, आणि दारे आपटोन आवाज ऐकिला, जणू मडकी घेत होते. सरकारांनी मात्र शहाणपण केले. म्हणाले, "अ‍ॅव्हरेज राहू दे. ही वाट चढेल आणि वीस वर्षं टिकेल. दुसरी स्वस्त आहे, पण धोंड्यावर बसली की पहिलीसारखीच गत." येणेप्रमाणे किंमत आणि टिकाऊपणा हे दोन्ही मोठे प्रश्न एका दुपारी सुटले, आणि चहा आला. विक्री करणारी मुलगी म्हणाली, "काका, हिरव्या रंगात तयार उभी आहे. परवा घेऊन जा." ऐसे बोलणे कानी पडले तेव्हा आम्हांस वाटले, आक्कासाहेबांचे काम जाहले.

कशाचे जाहले, कपाळ! बाईसाहेब म्हणाल्या, "हिरवी? शेवाळासारखी दिसते. लग्नाकार्यात कशी न्यायची?" मग रंगाची मसलत बसली, ती श्रावण सरोन भाद्रपद लागला तरी उठेना. युवराजांस काळी पाहिजे, फोटोत रुबाबदार दिसते म्हणोन, बाईसाहेबांच्या गुरुजींनी सांगितले, काळी शनीची, दारात नको, बाईसाहेबांस मरून रंगाची पाहिजे, तर युवराज म्हणाले, "आई, ती लिपस्टिकची शेड आहे." सरकारांस राखाडी पाहिजे, धूळ दिसत नाही म्हणोन, तर मधुकरराव गरजले, "दाजी, पांढरीच घ्या! विकताना भाव पांढरीलाच येतो." अहो, अद्याप घेतली नाही आणि यांचे विकण्याचे चालले! वीस वर्षे टिकावी म्हणोन घ्यावयाची आणि पाचवे वर्षी विकण्याकरिता रंग निवडावयाचा, हे गणित आमचे बुद्धीस आजवर उलगडले नाही. आम्ही जिन्यावरूनच म्हटले, "जिच्यासाठी घेता तिला रंगच दिसत नाही. हिरवी आणा आणि तिला उतरवा." त्यावर बाईसाहेब म्हणाल्या, "भावजी, तुम्ही यात पडू नका. तुम्हांला कुठं बसायचंय?" आणि पंखा मोठा केला.

मग पितृपक्ष लागला, आणि पितृपक्षात खरेदी नाही म्हणोन सारे गप्प बसले, आणि नवरात्राचे आरंभी एकमत जाहले की मोतिया पांढरी घ्यावी. ती बाईसाहेबांस दागिन्यासारखी दिसली, मधुकररावांस भावाची दिसली, युवराजांस चकाकती दिसली, आणि सरकार थकले होते. त्या रंगास वरकड पैसा पडला आणि गाडी दुरून येणार म्हणोन दसरा ठरला. इकडे आक्कासाहेब शेजारच्या फोनवरून पुसत, "भगवंता, कवा येतोस रं?" आणि सरकार म्हणत, "आलोच आक्का, रंगाचं तेवढं राहिलंय."

दसऱ्यास गाडी आली. हार घातला, चाकांखाली लिंबे ठेविली, आणि नारळ गाडीपासून पंधरा हात दूर रस्त्यावर फोडिला, कारण करवंटी उडोन रंगास लागेल. आसनांवरचे प्लास्टिक काढू दिले नाही. वरून युवराजांनी एका दुकानी नेऊन साऱ्या अंगास चकाकीचा लेप देवविला, आणि लेप बसेतो पाणी नाही, धूळ नाही, चिखलाचे तर नांवच नाही, ऐसा हुकूम जाहला. ओढा तुडवावयास घेतलेले जनावर, ते रजई पांघरोन शेडेत निजले. पाहोन अंगाची लाही लाही होई.

दुसरेच दिवशी सकाळी वाडीवरून फोन आला. आक्कासाहेब बोलत होत्या आणि मध्येच कण्हत होत्या. "भगवंता, डोळा लई ठणकतोय रं. डोकं फुटतंय. राती उलट्या झाल्या." सरकारांचा चेहरा उतरला. किल्ली हाती घेतली आणि म्हणाले, "आक्का, तयार राहा. मीच येतो न्यायला." आणि पायात चपला घातल्या. तोच बाईसाहेब दारात आडव्या उभ्या राहिल्या. "अहो, कुलदेवाला दाखवल्याशिवाय नवीन गाडीचं पहिलं चाक घाटात घालायचं? तुमच्या घराण्याची रीत तुम्हांलाच सांगायची का?" मधुकरराव म्हणाले, "पित्त असेल हो दाजी. उपासाचं खाल्लं असेल. देवदर्शन करून या, मग खुशाल न्या." युवराज म्हणाले, "बाबा, लेप अजून बसला नाही. करवंदीतनं नेलीत तर दोन्ही बाजू गेल्याच समजा." आम्ही ओरडलो, "अरे, गाडी कशाला घेतलीत? घाटासाठी ना? मग घाटात नको तर काय देवघरात ठेवणार आहात?" सरकार उंबऱ्यात उभे राहिले, एकदा घाटाकडे पाहिले, एकदा गाडीकडे पाहिले, आणि हळू बोलिले, "देव करून येतो. आलो की लगेच आक्काकडे." आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी म्हणतात, ते याहून निराळे काय असते! आणि स्वारी उलटे दिशेस, सहापदरी हमरस्त्याने, कूच करोन गेली. कुलस्वामीचे देवळापुढील फरसबंदीवर युवराजांनी चारी चाकांच्या ओढीचे बटण दाबोन फोटो काढिले, आणि देवस्थानचे भक्तनिवासात मुक्काम केला.

वर वाडीत आक्कासाहेब नवे लुगडे नेसोन, गाठोडे घेऊन, ओट्यावर बसल्या. दगडू सकाळी जीप घेऊन दारी आला आणि म्हणाला, "आक्का, चल, मी सोडतो." त्या म्हणाल्या, "नगं रं. भगवंता येतो म्हणालाय. तो यायचा आन् मी नसायची, त्याला वाईट वाटंल." आणि उन्हातून सरकत सरकत सावलीत बसोन राहिल्या. रात्र गेली. दुसरे सकाळी दगडूने पाहिले तर त्या कपाळ भिंतीस टेकून पडल्या होत्या. मग त्याने पुसिले नाही, किटल्या तेथेच उतरविल्या, त्यांस उचलोन पुढे बसविले, आणि ओढा, धोंडे, करवंदी, सारे ओलांडोन तडक इस्पितळी आणिले, आणि आम्हांस फोन केला. आम्ही धावत गेलो. डॉक्टरीणबाई तपासोन बाहेर आल्या आणि आमच्याच अंगावर आल्या, "इतके दिवस काय करत होता? मोतीबिंदू आत फुगलाय, डोळ्यातला दाब वाढून नस गेली. श्रावणात सांगितलं होतं ना? काल आणलं असतं तरी धडपडून पाहिलं असतं. उजव्याची आशा सोडा. डावा वाचवू." आम्ही काय सांगावे? रंग ठरत नव्हता म्हणोन सांगावे?

स्वारी प्रसाद घेऊन परतली तेव्हा हे वर्तमान कळले. सरकार जिन्यावर बसले आणि लहान मुलासारखे रडले. बाईसाहेबांनी प्रसाद देवापुढे ठेविला आणि स्वयंपाकघरात गेल्या, आणि मधुकररावांस घरी काही काम आठवले. पुढे डावे डोळ्याची शस्त्रक्रिया जाहली, ती बरी जाहली, आणि घरी सोडावयाचे दिवशी मोतिया पांढरी गाडी धुवोन पुसोन इस्पितळाचे दारी उभी केली. आक्कासाहेब काळा चष्मा लावोन आल्या. चष्मा वर करोन डाव्या डोळ्याने गाडीकडे पाहात राहिल्या, आणि म्हणाल्या, "चांगलीय रं भगवंता. दुधावानी हाय." आणि कौतुकाने दारावर हात फिरवू लागल्या, तोच युवराज ओरडले, "आत्या, पाटल्या! पाटल्या घासतील!" आक्कासाहेबांनी हात मागे घेतला आणि पदराखाली ठेविला. सरकारांनी पुत्राचे मुस्काटात मारावयास हात उगारिला, परंतु आक्कासाहेब मध्ये जाहल्या. "पोराला नगं मारू. पोराचं काय चुकलं? तू बी इतके दीस रंगच बघत व्हतास." मग इकडे तिकडे पाहोन पुसिले, "दगडू कुठाय? त्याच्या गाडीतनं जाते म्या. तितं हात कुटं ठिवू, हे इचारावं लागत न्हाई." आणि काठी टेकीत फाटकाबाहेर उभ्या असलेल्या जीपकडे चालू लागल्या, आणि सरकार मागोमाग "आक्का, आक्का" करीत गेले, आणि त्या थांबल्या नाहीत.

इति हकीकत. सारांश येणेप्रमाणे: किंमत विचारोन दिली, गाडी टिकाऊ निघाली, रंगास आजपावेतो ओरखडा नाही. आक्कासाहेबांचा उजवा डोळा गेला. घाटाची वाट गाडीने अद्याप पाहिली नाही.